कावळा, फांदी आणि फुटबॉल

आमच्या महाविद्यालयात कामांची वाटणी जूनमध्ये होते. प्राचार्य एकेक समिती पुकारतात आणि आम्ही प्राध्यापक मंडळी खिडकीबाहेर पाहू लागतो. ज्याला जे येते ते त्याला द्यायचे नाही असा काही लेखी नियम नाही. पण गेली अठरा वर्षे मी पाहतो आहे, तो कटाक्षाने पाळला जातो. त्यानुसार गेल्या वर्षी वाङ्मय मंडळ रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेले आणि जिमखाना मराठीच्या प्राध्यापकाकडे, म्हणजे माझ्याकडे, आला.

जिमखान्याबरोबर फुटबॉलचा संघही आला. ह्या खेळाचे माझे ज्ञान म्हणजे आयुष्यात मैदानावर बसून पाहिलेला एकच सामना. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत आमच्या खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाली. ३० ऑक्टोबरची ती रात्र. मुलीच्या हट्टापायी गेलो. स्पेन आणि कोलंबिया यांच्या मुली ऐंशी मिनिटे जिवाच्या आकांताने धावल्या. गोल काही होईना. मग ब्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू कोलंबियाच्याच एका खेळाडूला लागून तिच्याच संघाच्या जाळ्यात गेला, आणि स्पेनच्या मुली जगज्जेत्या ठरल्या. परतताना मुलीने विचारले, "बाबा, मग स्पेन जिंकलं की कोलंबिया हरलं?" मी म्हटले, "झोप आता." पुढे हाच प्रश्न मला दोन महिने झोपू देणार नाही हे तेव्हा कुठे ठाऊक होते!

आमचे मैदान न्हावा शेव्याला आहे. बाहेरच्या जगाला न्हावा शेवा म्हणजे एक बंदर वाटते. वस्तुतः ती दोन गावे. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. १९८९ साली बंदर सुरू झाले, त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव दिले गेले; पण जगातल्या कुठल्याही बंदरात मालाच्या कागदावर विचाराल तर अजून 'न्हावा शेवा' हीच अक्षरे सापडतील. आता लोकलचे स्टेशनही त्या नावाचे झाले आहे. मैदान म्हणजे खाडीत घातलेला भराव. एका अंगाला एकावर एक रचलेले कंटेनर, दुसऱ्या अंगाला खारफुटी, आणि आभाळ स्वच्छ असले तर दूर समुद्रावरून गेलेला अटल सेतू. तिसऱ्या प्रहरी खाडीवरून असा वारा सुटतो की उंच मारलेला चेंडू कुठे पडेल हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अशा ह्या मैदानावर गेल्या वर्षी श्रावणात एक साखळी स्पर्धा सुरू झाली. संघ दहा, प्रत्येकाचे सामने नऊ. आमचा संघ आदल्या वर्षी तळाला होता. माझ्याकडे काम एवढेच, की रविवारी मुलांना टेंपोत घालून न्यायचे, केळी आणि पाणी पुरवायचे आणि सगळ्यांना परत आणायचे.

आणि काय सांगावे, आम्ही जिंकू लागलो!

पहिला सामना १-०. दुसरा २-१. तिसरा १-०, चौथा ३-२, पाचवा पुन्हा १-०. पाच रविवार, पाच विजय. गावोगाव आमच्या पोरांचे नाव झाले. प्राचार्यांनी दरवाजाशी फळा लावला आणि त्यावर रंगीत खडूने 'अजिंक्य' असे लिहविले. एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये माझा हात हाती घेऊन विचारले, "काय हो, काय जादू केलीत?" मी नम्रपणे हसलो. केळी मीच निवडून आणत होतो हे मनात येऊन गेले, हे कबूल केले पाहिजे. यशाच्या वाटणीत माणूस आपला वाटा कुठून कुठून शोधून काढतो!

पण माझ्याजवळ एक वही होती, आणि त्या वहीने घात केला.

वहीची हकीकत अशी. पहिल्या सामन्याला मला खेळ कळेना, म्हणून निदान काहीतरी मोजावे असे ठरविले. आमच्या पोरांनी गोलवर किती वेळा चेंडू मारला आणि समोरच्यांनी किती वेळा, एवढ्याच दोन रांगा. एका रेघेला एक फटका. मारणाऱ्याच्या अंगावरचा आकडा बाजूला लिहायचा. पुढे वाचताना समजले की ह्या वेडात मी एकटा नाही. १८ मार्च १९५० रोजी इंग्लंडमध्ये स्विंडन येथे एक सामना चालू असता चार्ल्स रीप नावाचे हवाईदलातले हिशेबनीस अधिकारी खेळाला कंटाळले. मध्यंतरानंतर त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि खेळाडूंची प्रत्येक चाल टिपायला सुरुवात केली. ती वही त्यांनी जन्मभर खाली ठेवली नाही. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन ह्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच फुटबॉलमधले कौशल्य आणि योगायोग हा होता. त्यांच्या हिशेबात ढोबळ मानाने दहा फटक्यांमागे एक गोल पडतो.

पाचव्या सामन्याच्या रात्री जेवणानंतर मी माझ्या वहीतल्या रेघा मोजल्या. पाच सामन्यांत समोरच्यांचे फटके सत्तेचाळीस, त्यांचे गोल तीन. आमचे फटके तेवीस, आणि गोल आठ! त्या आठांतला एक तर समोरच्या संघाने स्वतःच्याच जाळ्यात घातलेला. तिसऱ्या सामन्यात समोरच्यांचा एक चेंडू गोलरेषेपासून वीतभर अंतरावर चिखलात रुतून बसला होता, हेही आठवले. दोनदा तो खांबाला लागून परत आला होता. म्हणजे सरळ हिशेब असा की खेळत होते ते, आणि जिंकत होतो आम्ही.

आपल्याकडे म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. संस्कृतात ह्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. तिथे कावळा बसतो आणि ताडाचे फळ पडते. मी वर्गात ही म्हण अठरा वर्षे शिकवली. पण पाच वेळा कावळा बसला आणि पाचही वेळा फांदी तुटली, तर कावळ्याच्या अंगी काही बळ आहे असे म्हणावे की नाही, हे मात्र कोणी विद्यार्थ्याने विचारले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी प्रथम वर्षाच्या वर्गात एक प्रयोग केला. बरोबर बत्तीस मुले-मुली निवडली, त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एक रुपयाचे नाणे उडवायला सांगितले. छाप पडलेला पुढे, काटा पडलेला बाकावर. बत्तिसांचे सोळा झाले, सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन, आणि शेवटी मागच्या बाकावरची एक मुकी-मुकी मुलगी पाच वेळा ओळीने जिंकून एकटी उभी राहिली. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी विचारले, "कसं काय जमलं गं?" ती लाजली, आणि अगदी मनापासून म्हणाली, "मी नाणं अंगठ्यावर जरा तिरकं धरते."

मी हसलो नाही. मला माझी केळी आठवली.

बत्तीस जणांनी नाणी उडवली की कोणीतरी पाच वेळा जिंकणारच. न जिंकता उपायच नाही. कोण, एवढेच आधी ठाऊक नसते. मग तो कोणीतरी आपल्या अंगठ्याचे तिरकेपण शोधून काढतो, बाकीचे एकतीस जण ते गिरवू लागतात, आणि प्राचार्य फळा लावतात. आपल्या जुन्या पंडितांनी ह्याला घुणाक्षरन्याय असे सुरेख नाव दिले आहे. किडा लाकूड कोरत जातो आणि त्यात कधी एखादे अक्षर उमटते. किड्याला लिहिता येते असे मात्र त्यावरून ठरत नाही.

आता, फुटबॉल म्हणजे निव्वळ नाणेफेक असे मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे हा खेळणाऱ्यांचा अपमान होईल. हैदराबाद पोलिसांच्या संघाने सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली मुंबईतला रोव्हर्स चषक १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे जिंकला. तिथे पाच विजय नव्हेत, पाच हंगाम. आणि एकेका हंगामात कितीतरी सामने. इतकी नाणी एकाच बाजूला पडू लागली म्हणजे शहाण्या माणसाने नाणे उलटून पाहावे. पण जिथे गोल दोन-तीनच पडतात त्या खेळात एक चेंडू चिखलात रुतला, एक खांबाला लागला, की निकाल पालटतो. म्हणून थोड्या सामन्यांत नशिबाचा आवाज मोठा आणि कौशल्याचा लहान असतो. सामने वाढत गेले म्हणजे नशीब इकडचे तिकडचे होऊन फिटते आणि मागे कौशल्य ऐकू येऊ लागते. तात्पर्य, 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण भाताला लागू आहे, फुटबॉलला नाही. भात एका पातेल्यात, एका पाण्यात शिजतो. सामन्याचे प्रत्येक शीत वेगळ्या चुलीवरचे.

हे सारे विचार घरच्या घरी राहिले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. पण त्याच आठवड्यात एक गृहस्थ मला शोधीत महाविद्यालयात आले.

आमच्या संघात नऊ नंबरचा सदरा घालणारा एक मुलगा होता. आठांपैकी पाच गोल त्याचे. मैदानावर त्याच्या नावाने आरोळ्या उठत. हे गृहस्थ त्याचे वडील. वय पन्नाशीचे, एका गोदामावर पहारेकरी. माझ्यासमोर खुर्चीवर बसायला तयार होईनात. शेवटी अर्ध्या खुर्चीवर टेकले आणि त्यांच्या आगरी बोलीत म्हणाले,

"सर, मना येक सांगा. पोऱ्याला यार्डान चेकरची नोकरी मिलतेय. दसऱ्यापरत कलवाचा हाय. तो बोलतो, नोकरी नको, मुंबयला टायल हाय, तिकडं जातो. गावान सगली बोलतान, पोऱ्या लई मोठा होनार. तुमी वही लिवताव. तुमी सांगा, त्याचे पायान खरंच काय हाय, का नुसता नशीब हाय?"

प्रश्न इतका नेमका होता की मला क्षणभर बोलवेना. मी वही काढली. नऊ नंबरचे फटके पाच सामन्यांत आठ, आणि त्यांतून गोल पाच. जगातला थोरातला थोर खेळाडूही आठांत पाच हे प्रमाण जन्मभर टिकवू शकणार नाही. म्हणजे हे ओसरणार. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली माणसांच्या उंचीबद्दल लिहून ठेवलेली गोष्ट इथेही खरी. फार उंच आईबापांची मुले उंचच असतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नसतात. जे फार वर गेले ते पुढच्या खेपेला थोडे खाली येते, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

मी त्यांना म्हटले, "दादा, पाच सामन्यांवरून ठरवू नका. लोक म्हणतात ते खरं धरू नका. अजून चार सामने आहेत. दसऱ्यापर्यंत थांबा."

ते उठले. दारापाशी थांबून कंटेनरांच्या दिशेला हात करून म्हणाले, "बंदराची रेघ आमचे शेतावरशी गेली, ते नशीब. बाजूवाल्याचा शेत रायला. पन चौऱ्याऐंशीला आमचा बाबा दास्तान फाट्यावर हुबा रायला, तवा मी धा वर्साचा व्हतो. ते काय नशीब नव्हता, सर."

आमच्या भागात हे फोडून सांगावे लागत नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर जमिनीच्या भावासाठी शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला. पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे तत्त्व आले ते त्या लढ्यातून. रेघ कुठून जाते हे आपल्या हाती नाही, पण रेघ गेल्यावर आपण कुठे उभे राहतो हे आहे. मी दैव आणि पौरुष ह्या विषयावर परीक्षेत कितीतरी प्रश्न काढले असतील. इतके थोडक्यात उत्तर मला एकाही उत्तरपत्रिकेत मिळाले नव्हते.

सहाव्या रविवारी आम्ही ०-१ असे हरलो.

सातवा सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आठवा आम्ही १-२ असा गमावला. फळ्यावरचे 'अजिंक्य' कोणी न सांगता पुसले गेले आणि तिथे परीक्षेच्या शुल्काची सूचना लागली. ज्या सहकाऱ्याने माझा हात हाती घेतला होता त्याने आता सहानुभूतीने खांद्यावर ठेवला. आमचे प्रशिक्षक बंदरात क्रेन चालवतात आणि सुटीच्या दिवशी येऊन फुकट शिकवतात. पाच रविवार ज्यांना गुरुवर्य म्हणत होते त्यांच्याबद्दल आता "त्यांना आधुनिक खेळ कळत नाही" असे ऐकू येऊ लागले. नऊ नंबरच्या नावाच्या आरोळ्या थांबल्या. आठव्या सामन्यानंतर परतीच्या टेंपोत तो मागच्या फळीला टेकून खाली मान घालून बसला होता, आणि दहा मुले दुसऱ्या बाजूला बसली होती.

तेव्हा मला काय सुचले कोण जाणे, मी त्यांना जकार्ताची गोष्ट सांगितली. १९६२ च्या आशियाई खेळांत भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि आपण ०-२ असे हरलो. प्रशिक्षक तेच रहीमसाहेब. अंगात दुखणे घेऊन गेलेले. त्या एका सामन्यावरून निकाल लावणाऱ्याने संघाचे सामान बांधायला सांगितले असते. पुढे भारताने थायलंडला हरवले, जपानला हरवले, दक्षिण व्हिएतनामला हरवले आणि ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा समोर दक्षिण कोरियाच उभा राहिला. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले, आपण २-१ असे जिंकलो आणि सुवर्णपदक आपले झाले. एकाच पंधरवड्यातले तेच दोन संघ. पहिल्या सामन्यावरून काय कळले होते? काहीच नाही.

"सर, पण आमचं उलटं झालं," पुढचा एक मुलगा म्हणाला. "आम्ही आधी जिंकलो."

"मुंबई सिटीचं पण तसंच झालेलं," गोलकीपर म्हणाला, आणि मग टेंपोभर तीच चर्चा सुरू झाली. २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी पहिले अठरा सामने हरलीच नाही. चौदा जिंकली, चार बरोबरीत सोडवले. साखळीतला पहिला क्रमांक दोन सामने राखून मिळवला. मग ते उरलेले दोन्ही सामने हरली. आणि उपांत्य फेरीत बंगळूरशी दोन लढतींचे गोल समसमान झाल्यावर पेनल्टीच्या फटक्यांवर ८-९ अशी बाहेर पडली. त्या रात्री ज्याच्या गोलने मुंबईने बरोबरी साधली होती त्याच मेहताब सिंगचा पेनल्टीचा फटका गुरप्रीतने अडवला. साखळीत अठरा सामने जे सांगत होते ते खोटे नव्हते. तो संघ उत्तम होता. पण एका फटक्याला कालच्या अठरा सामन्यांची ओळख नसते.

मुले बोलत होती आणि मी काळोखात वही चाळत होतो. आणि जे पाच रविवार दिसले नव्हते ते मला दिसू लागले. त्या रात्री जागून आकडे मांडले. नवव्या सामन्यानंतर, जो ०-० असा संपला, ते पुरे केले. शेवटच्या चार सामन्यांत समोरच्यांचे फटके बावीस. आमचे चव्वेचाळीस! गोल फक्त दोन. म्हणजे जिंकत होतो तेव्हा आम्ही निम्म्याने कमी खेळत होतो, आणि हरू लागलो तेव्हा दुपटीने चांगले. क्रेनवाल्या प्रशिक्षकांनी शिकवलेले पोरांच्या पायांत उतरायला पाच आठवडे लागले, आणि नेमके ते उतरले तेव्हाच फळा पुसला गेला.

नऊ नंबरचे पान तर मी तीनदा मोजले. पहिल्या पाच सामन्यांत आठ फटके. पुढच्या चारांत एकोणीस. गोल एकच, पण एकोणीस वेळा तो अशा जागी पोहोचला होता की जिथून गोल होऊ शकतो. दोन फटके खांबाला, एक वाऱ्याने वळवलेला, कितीतरी गोलकीपरांनी अडवलेले. चेंडू जाळ्यात जातो की खांबाला लागतो हे दोन बोटांच्या अंतराचे काम. त्यात नशीब फार. पण तीन-तीन जण मागे लागलेले असता एकोणीस वेळा मोकळी जागा शोधून काढणे हे घुणाक्षर नव्हे. तिथे कोणी तरी लिहीत असते. क्वचित घडते त्यावरून निदान करू नये. वरचेवर घडते त्यावर नजर ठेवावी. एवढे मला त्या वहीने शिकवले.

मी वहीला देवता मानली नाही हेही सांगून टाकतो. खुद्द रीपसाहेबांनी हजारो चाली बिनचूक मोजल्या आणि शेवटी निष्कर्ष काढताना फसले. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात असे पाहून त्यांनी लांब चेंडू मारण्याचा पुरस्कार केला. मैदानावरच्या बहुतेक चाली मुळातच तेवढ्या छोट्या असतात ही गोष्ट पुढे इतरांनी दाखवून दिली. मोजणारा चुकत नाही, पण मोजलेल्याचा अर्थ लावणारा चुकू शकतो. मी तर मराठीचा प्राध्यापक.

तरीही दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी त्या मुलाच्या घरी गेलो. ओट्यावर चहा आला. मी म्हटले, "दादा, त्याला पाठवा."

ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मोठ्याने हसले. "सर, जिंकत व्हता तवा बोललाव थांबा. आता चार खेपा नाय जिंकला, तं बोलताव पाठवा?"

"हो."

"गावान आता त्याला कोन विचारीत नाय."

"म्हणूनच आलो," मी म्हटले, आणि वही उघडून एकोणीस रेघा त्यांच्यापुढे धरल्या. त्यांना वाचता येत होते. रेघा मोजता तर येतच होत्या. बोट ठेवीत ठेवीत त्यांनी त्या सगळ्या मोजल्या. नंतर आत वळून हाक मारली. मुलगा बाहेर आला. बापाने त्याला एवढेच सांगितले, "यार्डान नाय सांगून टाक."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच्या घरातली महिन्याची ठरलेली मिळकत मी वहीतल्या रेघांवर उधळून आलो होतो. घरी सौभाग्यवतीने विचारले, "आणि नाही निवडलं तर?" उत्तर माझ्याजवळ नव्हते.

नाही निवडले. मुंबईतल्या एका क्लबाच्या चाचणीला शंभराहून जास्त मुले होती. आमच्या पोराला सकाळी वीस मिनिटे खेळवले, आणि दुपारी यादी लागली तेव्हा तिच्यात त्याचे नाव नव्हते. तोवर यार्डातली जागाही दुसऱ्या मुलाला गेली होती. मला ही बातमी मुलानेच फोनवर सांगितली. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच लागले.

त्यांच्या घरी जाण्याचे धैर्य गोळा करायला मला आठवडा लागला. वाटेत मी मनाशी वाक्ये जुळवीत होतो. सल्ला बरोबर असूनही निकाल वाईट लागू शकतो. चुकीच्या सल्ल्याचाही निकाल चांगला लागतो. माझा सल्ला हाही एक सामनाच होता, आणि एका सामन्यावरून काही ठरत नाही. तर्कदृष्ट्या ह्यात खोट नव्हती. पण ज्याची नोकरी गेली त्याच्या बापाला हा तर्क सांगायचा कसा? पाच विजयांनंतर आपली केळी आठवणारा माणूस एका पराभवानंतर नशिबाकडे बोट दाखवू लागला, तर त्याचे तोंड कोणी पाहावे?

संध्याकाळ झाली होती. यार्डातले दिवे लागले होते. ते ओट्यावरच बसले होते. मी चपला काढल्या, खांबाला टेकलो आणि म्हटले, "दादा, माझ्यामुळे—"

"येक सांगा, सर," त्यांनी मला मधेच अडवले. "त्यांनी किती येल पोऱ्याचा खेल बगला?"

"वीस मिनिटं."

"तुमी नऊ सामने बगलाव. तरी तुमाना दसऱ्यापरत थांबाला लागला. त्यांना वीस मिन्टान काय कलनार?" आणि मग जणू हा प्रश्न मिटला अशा स्वरात ते आत हाक मारून म्हणाले, "सरांना च्या आना."

मुलगा घरी नव्हता. रात्रपाळीला एका गोदामात खोकी मोजण्याचे काम त्याला लागले आहे, पगार यार्डापेक्षा कमी, पण सकाळ मोकळी. सकाळी तो भरावावरच्या मैदानावर असतो. क्रेनवाले प्रशिक्षक पाळी नसेल तेव्हा येतात. चहा पिता पिता वडिलांनी सांगितले की पुढची चाचणी उन्हाळ्यात आहे आणि त्याच्या पुढची पावसाळ्यानंतर.

निघताना त्यांनी विचारले, "ती वही हाय ना?"

मी म्हटले, आहे.

"भरली का?"

"नाही. निम्मी कोरी आहे."

"मंग लिवत रावा," ते म्हणाले.

यंदा जूनच्या बैठकीत प्राचार्यांनी जिमखाना पुकारला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले नाही. हात वर केला. आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासात असे प्रथमच घडले असावे; सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. गणिताच्या प्राध्यापकांनी हळूच विचारले, "काय हो, गेल्या वर्षीचे पाच विजय अजून डोक्यातून गेले नाहीत वाटतं?"

मी म्हटले, "नाही. शेवटचे चार सामने."